व्याह्याच्या घरचं पाणी

कडू पाटलाच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणीही लेकीच्या घरच्या पाण्याला ओठ लावला नव्हता. लेकीची कूस उजवेपर्यंत बापानं तिच्या दारचं पाणी प्यायचं नाही, हा त्या मुलखातला रिवाज. बाकीचे लोक तो पाळत. कडूचं घराणं तो मिरवत असे. वंशावळीचा भाट तीन वर्षांतून एकदा यायचा, तेव्हा हे वाक्य उभं राहून म्हणायचा आणि पायलीभर जवारी घेऊन जायचा. त्या सात पिढ्यांतल्या पाच पिढ्यांना मुळी लेकच झाली नव्हती आणि सहावीला झाली ती लग्नाच्या वर्षातच बाळंत झाली, एवढं मात्र भाट सांगत नसे. म्हणजे रिवाजाची खरी परीक्षा सातव्या पिढीला, खुद्द कडूलाच द्यायची होती.

कडूची एकुलती लेक भागा. तिला चिंचखेडीच्या शालिग्राम पाटलाच्या मुलाला देऊन तीन वर्षं झाली होती. इच्छापूरहून चिंचखेडी दोन कोस. मधे शीव, आणि शिवेवरच राज्याची हद्द. हद्द तशी इंग्रजाच्या वेळचीच. पण गेल्या दिवाळीत राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा आता ही हद्द पुसली जाणार असं लोकांना वाटलं होतं. पुसलं गेलं ते नागपूर. राजधानी उठून भोपाळला गेली आणि हद्द होती तिथंच राहिली. इच्छापूर मध्यप्रदेशात, चिंचखेडी मुंबई राज्यात. "लेक परमुलखात पडली," असं कडू दुःखानं म्हणायचा. दोन कोसांवरून तिच्या चुलीचा धूर दिसायचा नाही एवढंच.

तीन वर्षांत कडू सात वेळा चिंचखेडीला गेला आणि सातही वेळा पाण्याचा गडवा भरलेला परत गेला. पहिल्या दोन वेळा शालिग्रामनं रिवाज म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या वेळी त्याला वाटलं, हा माणूस आपल्याला हलका समजतो. चौथ्या वेळी त्यानं चार लोकांत सांगून टाकलं, "ज्या दिवशी माझ्या घरचा गडवा रिकामा कराल, त्या दिवशी लेक आखाजीले धाडीन. तवरोक नाही."

आखाजी म्हणजे त्या भागातल्या सासुरवाशिणींची दिवाळी. झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आईच्या हातच्या सांजोऱ्या खायच्या आणि सासूच्या नावानं मनसोक्त बोटं मोडायची. दोन आखाज्या भागाविना गेल्या. दोन्ही वेळा धुरपदाबाईनं, म्हणजे कडूच्या बायकोनं, दारच्या निंबाला झोका बांधला आणि सण सरल्यावर सोडून ठेवला.

तिसऱ्या आखाजीच्या आदल्या दिवशी कडूनं दगाला गाडी जुंपायला सांगितलं. दगा हा कडूचा शेजारी आणि शिवेवरच्या मळ्याचा वाटेकरी. मळा कडूचा, मोट दगाची, केळी निम्मी-निम्मी. कडूचा स्वतःचा जीव गावालगतच्या बागेत गुंतलेला. शिवेवरच्या मळ्याकडं तो घड कापायच्या वेळीच फिरकायचा.

गाडीच्या खुंट्याला कडूनं पाण्यानं टच्च भरलेली छागल अडकवली.

"हे काहून घेता?" धुरपदाबाई चुलीपासून म्हणाली.

"तहान लागंल म्हणून."

"तिकडं का पानी नाही? चांगलं गोड पानी हाय तिकडं."

"तुले काय मालूम, गोड का खारं?"

धुरपदाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि ती फुगू दिली. मग म्हणाली, "लोक म्हणतात."

"मी तं पेतो बाप्पा तिथं," दगा बैलाच्या मानेवर जू ठेवत म्हणाला.

"लाज धर. गावची लेक ते साऱ्या गावाची लेक. तुलेबी नाही चालत."

"मले चालतं. काहून चालतं, ते इचारा ना."

"काहून चालतं?"

धुरपदाबाईनं फुंकणी हातात तशीच धरून दगाकडं पाहिलं.

"तहान लागते म्हणून चालतं," दगा म्हणाला आणि बैलाला हाक मारली.

वैशाखाचं ऊन असं पडलं होतं की देवीच्या टेकडीवरचं देऊळसुद्धा हलल्यासारखं दिसे. पानाला वारा नव्हता. कावळे चोची उघड्या टाकून बाभळीत बसले होते. कडूनं वाटेत तीनदा छागल तोंडाला लावली. उरलेलं पाणी परतीसाठी राखून ठेवलं. शीव ओलांडली तेव्हा उन्हात काही फरक पडला नाही.

जावई बऱ्हाणपूरच्या बाजाराला गेला होता. शालिग्राम ओट्यावरच बसला होता. डोक्यावर नवे पत्रे, पायात बऱ्हाणपूरचा नवा जोडा. साऱ्या चिंचखेडीत पत्र्याचं घर त्याचं एकट्याचं. त्यामुळं भर उन्हाळ्यात घामानं निथळत का होईना, तो घरातच बसणं पसंत करी.

"या पाटील. पानी घरून आनलं असंल. सावली तं आमची चालंल ना?"

"सावलीचा रिवाज नाही," कडू म्हणाला.

"तरी पन भाटाले इचारून घ्या एकडाव."

मालूबाई विहीणबाईंनी पितळी गडवा आणून पुढं ठेवला. गडव्याला बाहेरून थंडगार घाम फुटला होता. कडूनं त्याच्याकडं पाहिलं आणि दोन बोटांनी गडवा वीतभर मागं सारला.

"पावलं," तो म्हणाला.

दाराच्या चौकटीआड भागा उभी होती. तिचा बांगड्यांचा हात तेवढा दिसत होता. गडवा मागं सरकला तेव्हा तो हातही मागं सरकला.

"इवाई, लेक धाडा. उद्या आखाजी हाय. तिची माय दोन सालांपासून निंबाकडं पाहून राह्यली."

"गडवा तुमच्याम्होरं हाय."

"लेकीचा अन् गडव्याचा संबंध काय?"

"मलेबी तेच इचारायचं हाय. मी लेकीत गडवा आनला का तुमी?"

"आमच्या सात पिढ्या..."

"सात पिढ्यायचं मी ऐकेल हाय. भाट आमच्याकडंबी येते."

"तुमचं भांडन सरंपर्यंत पानी तापून जाईन," असं म्हणून दगानं मधला गडवा उचलला आणि एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या. "वा! एकदम घरच्यासारखं वाटलं."

मालूबाईंना जोराचा खोकला आला. त्या दुसरा गडवा आणायला आत गेल्या.

तेवढ्यात पत्रा एकदाच वाजला, कुणीतरी वरून टिचकी मारावी तसा. शालिग्रामनं मान वर केली. पश्चिमेकडच्या केळीच्या बागेपलीकडं मातीचा एक खांब उभा होता. खांब जमिनीपासून आभाळापर्यंत पोचला होता आणि गिरणीच्या पट्ट्यासारखा गरगरत होता.

"वावटळ हाय," शालिग्राम म्हणाला. "जाईन तिकडूनच."

"भूत हाय त्यात!" मालूबाई आतून ओरडल्या. "पायताण मारा फेकून! पायताणाले भूत भेतं!"

त्या मुलखात वावटळीवर हाच उपाय होता आणि पोराएवढ्या वावटळींना तो लागूही पडे. शालिग्राम ओट्याखाली उतरला, उजव्या पायातला नवा जोडा काढला आणि भिरकावला. वावटळीनं जोडा घेतला, आणि दुसरा मागायला यावं तशी ती घराकडं वळली.

आता नुसता खांब राहिला नव्हता. त्यात अख्खी केळीची झाडं, कडब्याच्या पेंढ्या आणि एक कोंबडीचं खुराडं फिरत होतं. आवाज मालगाडीसारखा येत होता.

"पायविहिरीत!" दगा बैल सोडता सोडता ओरडला. "पायविहिरीत उतरा सगळे!"

घरामागं दगडी पायऱ्यांची जुनी विहीर होती. मालूबाई आणि भागा आधी उतरल्या. शालिग्राम एका जोड्यानिशी लंगडत मागून गेला. कडू काठावर थांबला.

"मी इवायाच्या विहिरीत?"

"अहो पेयाचं नाही, लपायचं हाय!" दगानं त्याच्या धोतराला हात घातला.

विहिरीत उतरण्याबद्दल रिवाज काय सांगतो, याचा कडूनं विचार केला. विचार चालू असतानाच एक बैलगाडीचं चाक त्याच्या फेट्यावरून गेलं. रिवाजात याबद्दल काहीच नाही, असं ठरवून तो खाली उतरला.

वरून माती, पानं, काटक्या अशा कोसळत होत्या की वरच्या पायऱ्यांवर उभं राहवेना. पाचही जण पायरी पायरी उतरत कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि भिंतीतल्या देवळीखाली दाटीवाटीनं उभे राहिले. कडूच्या नाकातोंडात धूळ गेली होती. घसा असा कोरडा पडला होता की थुंकायलासुद्धा काही नव्हतं.

दगा डोकं वर काढून बातम्या सांगत होता.

"छागल गेली."

"कुनीकडं?"

"मध्यप्रदेशाकडं. घरी गेली म्हना."

वर धडाड आवाज झाला.

"पत्रा," शालिग्राम म्हणाला.

पुन्हा धडाड.

"दुसरा. दसऱ्यालेच बसवले होते." त्यानं डोळे मिटून घेतले. मग, दुसरीकडं लक्ष लावावं म्हणून, तो कडूकडं वळला. "पाटील, कमरेएवढ्या माझ्या पान्यात उभे अन् तोंड कोरडं. असं सोंग मी जत्रंतबी नाही पाह्यलं. घ्या ना एक चूळ. कोन पाह्यतं इथं?"

"मी पाह्यतो," कडू म्हणाला.

"मरा मंग तहानेनं. पन माझ्या विहिरीत नका मरू. पंचनामा दोन राज्यायचा होईन."

"बाबा," भागा म्हणाली.

सासऱ्यादेखत ती कधी बोलत नसे, त्यामुळं सगळ्यांनी तिच्याकडं वळून पाहिलं. वर वारा घोंघावत होता.

"बाबा, तुमी गडवा मागं सारला का साऱ्या आळीले कळते, भागाची कूस अजून रिकामी हाय. मी तं कोनाले सांगत नाही. सासूबाईबी सांगत नाहीत. तुमीच दर सनाले येता, दवंडी देता अन् निंघून जाता."

कडूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. बापानं लेकीपुढं निरुत्तर होऊ नये, हाही एक रिवाजच होता. तोंड उघडलं त्याच वेळी काठावरची निंबाची फांदी मोडून धप्पकन पाण्यात आली. पाण्याची भिंत उठली आणि सरळ कडूच्या उघड्या तोंडात शिरली. गटकन आवाज झाला. तो वाऱ्यातही सगळ्यांना ऐकू आला.

"पेले!" शालिग्राम पत्रे विसरून ओरडला. "इवाई पेले!"

"पोटात गेलं. पेलो नाही."

"पोटात जानं म्हंजेच पेनं!"

"असं? मंग बुडून मरते तो का पेऊन मरते?"

"भाटाले सांगता येईन," दगा म्हणाला. "सातव्या पिढीनं थेंब नाही घेतला. घोट घेतला."

कडू मात्र तोंड वाकडं करून थू थू करत होता. "पन हे तं मचूळ हाय! अन् हे असलं पानी मले सात वेळा देत होते तुमी?"

"हे?" शालिग्रामला खरोखरच राग आला. "हे आमच्या म्हशी नाक मुरडून पेतात. घरातलं पेयाचं पानी येगळं हाय."

"कुठलं?"

"बायका आनतात."

"पन कुठून?"

"पान्याचं खातं बायकायचं. घागर भरेल असते, मी पेतो. बिलकुल साखर हाय."

मालूबाई आणि भागा दोघी एकाच पायरीकडं टक लावून पाहत होत्या.

चिलीम भरून ओढावी एवढ्या वेळात सगळं आटोपलं. आवाज पूर्वेकडं सरकला, विहिरीच्या तोंडावर ऊन आलं, आणि एक एक करून पाचही जण चिखलानं माखून वर आले.

घराच्या भिंती उभ्या होत्या. वर आभाळ होतं. अठरा पत्र्यांपैकी एक तेवढा उकिरड्यावर उभा रुतला होता. बाकीचे हद्दीपलीकडं गेले असावेत. शालिग्राम ओट्यावर बसला. पायातला उरलेला जोडा काढून त्यानं शेजारी नीट ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिला.

आळीतली माणसं गोळा झाली. कुणाचं कूड गेलं होतं, कुणाचा गोठा. पण पत्रे शालिग्रामचेच गेल्यामुळं सगळे आधी त्याला बघायला आले. पत्रे होते तेव्हा आले नव्हते इतक्या आपुलकीनं आले.

"न्या लेकीले," शालिग्राम कडूला हळूच म्हणाला. "इथं तिले निजायले छप्पर नाही. गडव्याचं राहू द्या. भांडायलेबी मानसाले घर लागते."

कडू उभाच होता. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. लेक आखाजीला येत होती, सात पिढ्या जवळपास शाबूत होत्या, आणि विहिरीतल्या घोटाबद्दल दगाला गप्प करायला एखादा केळीचा घड पुरला असता. भागा कपड्यांचं गाठोडं शोधत होती. आळीतल्या चारदोन बायका तिच्याकडं बघत कुजबुजत होत्या. भागा त्यांच्याकडं बघत नव्हती. पण ती बघत नाही हे कडूला दिसत होतं.

"भागा," तो मोठ्यानं म्हणाला. इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या ओट्यावरची म्हातारीसुद्धा वळली. "भागा, पानी आन. तहान लागली मले."

कुजबुज थांबली.

"बाबा, तुमी..."

"आन म्हनलं ना. तुझ्या घरचं आन."

जमिनीत अर्धा पुरलेला रांजण वाऱ्याला उचलता आला नव्हता. भागानं झाकण काढलं, गडवा बुडवला, पदरानं त्याचं बूड पुसलं. कडू ओट्याच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा बसला आणि प्याला. घटाघटा, घशाचा आवाज करत, दाढीवर ओघळू देत. मग गडवा उपडा करून आळीला दाखवला.

"माझी लेक हाय," तो म्हणाला. "तिच्या घरचं पेतो मी. लेकरू व्हईन तवाबी पेईन, नाही झालं तरीबी पेईन."

मालूबाईंनी पदर तोंडाला लावला. शालिग्रामचं नाक लाल झालं. ते पत्र्यांसाठी की आणखी कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"गोड हाय हो इवाई," कडू ओठ पुसत म्हणाला. "लई गोड. असं पानी आमच्या इच्छापुरात नाही. मी उगाच तीन सालं..."

"मंग!" शालिग्राम ताठ झाला. घर गेल्यानंतर पहिल्यांदाच त्याच्या मिशा सरळ झाल्या. "चिंचखेडीचं पानी हाय ते!"

दगाला एकाएकी बैल शोधायची घाई झाली.

गाडीला एकच चाक उरलं होतं, म्हणून तिघं पायीच निघाले. बैल मागून येत होते. भागाच्या हातात गाठोडं होतं आणि ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. शिवेपाशी कडू थांबला.

"मळ्यात चक्कर टाकू. केळीचं काय झालं पाहू."

"उद्या पाहू ना," दगा म्हणाला. "दिवस चालला. वहिनी वाट पाहत असतीन."

"पाच मिनिटं लागतीन."

"पडलेली केळी काय पाह्यची? उद्याबी पडेलच राह्यतीन."

पण कडू बांध चढून गेला होता. मळ्यातली केळी सगळी आडवी झाली होती. सगळ्या झाडांनी एकाच दिशेला माना टाकल्या होत्या, पंगतीत बसून झोपी गेल्यासारख्या. घड अजून कोवळे होते. आणखी दोन महिने उभे राहिले असते तर कापणीला आले असते. कडूनं एक बुंधा पायानं हलवून पाहिला. दगानं दुसरा. नुकसानही निम्मं-निम्मं होतं.

विहीर तेवढी जागेवर होती. मोटेचं पाणी पडतं त्या दगडी थारोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चकाकत होतं. कडू वाकला. दोन दगडांच्या बेचक्यात पितळी घागर घट्ट बसलेली होती. गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. कडूला वाचता यायचं, पण अक्षराला अक्षर लावून.

"शा... लि... ग्रा... म." त्याचे डोळे मोठे झाले. "अरे दगा! इवायाची घागर! अर्धा कोस उडून आली!"

दगा बैलाच्या शिंगाला काहीतरी लागलंय का ते पाहू लागला.

"काय त्या वाऱ्याची ताकद! ना हद्द पाह्यली, ना राज्य पाह्यलं, बराबर माझ्याच मळ्यात आनून ठेवली. अन् कवा? मी त्यायच्या घरचं पानी पेलो त्याच दिवशी! हे वारा नोहे दगा, हे देवीचं काम हाय. भाटाले सांगू आपन. सात पिढ्यायच्या वंशावळीत हे आलंच पाह्यजे."

त्यानं दोन्ही हातांनी घागर उचलायला घेतली. ती हलेना. पुन्हा जोर केला तेव्हा हिंदकळून त्याच्या पायावर पाणी पडलं.

"पन मंग," तो जरा थांबून म्हणाला, "उडून आली, तं भरेल कशी?"

भागानं गाठोडं खाली ठेवलं, पुढं येऊन सरावानं घागर बेचक्यातून मोकळी केली आणि काखेत घेतली.

"उडून नाही आली, बाबा," ती म्हणाली. "रोज तीन लागतात. सकाळी इथून दोन नेल्या, तिसरी राह्यली."